भाड्याची खोली आणि हेवी डिपॉझिट





कसाऱ्याच्या लोकलने वासिंद, आसनगाव, आटगाव ही स्थानके ओलांडताना खिडकीतून बाहेर पाहावे. जिथे पूर्वी भाताची खाचरे होती, तिथे आज एका रांगेत बांधलेल्या चार-चार, सहा-सहा खोल्या दिसतात. मुरबाडला रेल्वे अद्याप नाही, पण तिथल्या एमआयडीसीत काम करणारा माणूस कुठेतरी राहणारच. म्हणून तिथेही घराच्या मागच्या अंगणात खोल्या उभ्या राहिल्या. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा सुरू झाला. या रस्त्यासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांच्या हाती मोबदल्याची रक्कम आली आणि अनेकांनी ती विटा-सिमेंटमध्ये घातली. पेन्शनवर आलेले गुरुजी, आखातातून परतलेला भाऊ, पतीच्या निधनानंतर मुलांना वाढवणारी बहीण, अशा कितीतरी घरांची चूल आज दोन-तीन खोल्यांच्या भाड्यावर पेटते.

भाड्याचे उत्पन्न हलाल आहे, यात शंका नाही. मोबदला ठरवून काम देणे-घेणे कुरआनला मान्य आहे. सूरह अल्-कससमध्ये हजरत मूसा (अलै.) यांनी मदयनमध्ये ठरावीक वर्षांच्या कराराने चाकरी पत्करल्याचा वृत्तान्त आला आहे. माणसाच्या श्रमाचा मोबदला जसा ठरवता येतो, तसा घराच्या उपयोगाचाही ठरवता येतो, हे सर्व फिकही मस्लकांनी मान्य केले आहे. प्रश्न भाड्याचा नाही. भाड्याच्या नावाखाली आपल्या घरात दुसरे काही शिरले आहे का, हा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी एक कसोटी हाती घेऊ. हजरत आयशा (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस अबू दाऊद व तिरमिजी यांनी नोंदवली आहे. खरेदी केलेल्या वस्तूचा उपयोग घेतल्यानंतर तिच्यात दोष आढळला आणि ती परत केली गेली, तेव्हा मधल्या काळातल्या लाभाचा वाद प्रेषितांपुढे (स.) आला. त्यांनी निर्णय दिला की, ज्याने जोखीम वाहिली त्याचाच लाभावर हक्क आहे. पुढे फिकहच्या विद्वानांनी याच निर्णयाला व्यवहाराचा एक मूलभूत नियम मानले.

आता ही कसोटी खोलीला लावून पाहा. मालक भाडे घेतो, कारण खोलीचा भार त्याच्यावर आहे. आषाढात पत्रा उडाला तर तो त्याचा उडाला. भिंतीला तडा गेला तर खर्च त्याचा. भाडेकरू मिळाला नाही आणि खोली चार महिने कुलूपबंद राहिली, तर तोटा त्याचा. हा भार तो वाहतो, म्हणून भाडे त्याला हलाल आहे. उलट कर्ज देणारा माणूस काय करतो? त्याची मुद्दल जशीच्या तशी सुरक्षित राहते. कर्जदाराचे घर बुडो की तरो, दिलेली रक्कम त्याला परत मिळणारच. कोणताही भार न वाहता तो वर जे काही घेतो, त्याला शरीयतने व्याज म्हटले आहे. भाडे आणि व्याज दोन्ही महिन्याच्या महिन्याला हाती येतात, दोन्ही आकड्यांत मोजली जातात. पण एकाच्या मुळाशी जबाबदारी आहे आणि दुसऱ्याच्या मुळाशी जबाबदारीतून सुटका.

ही कसोटी लावल्यावर ज्या व्यवहाराचा पाय सर्वांत आधी डगमगतो, तो म्हणजे हेवी डिपॉझिट.

हा व्यवहार तुम्हाला ठाऊक आहे. समजा, एका खोलीचे रास्त भाडे महिना ३,००० रुपये आहे. मालकाला वरचा मजला चढवायचा आहे, हाती पैसा नाही. भाडेकरूकडे ३ लाख रुपये आहेत. दोघे ठरवतात की, भाडेकरूने ३ लाख डिपॉझिट द्यायचे, भाडे द्यायचे नाही, आणि खोली सोडताना ३ लाख पूर्ण परत घ्यायचे. मालकाला वाटते, बँकेच्या दारात न जाता काम झाले. भाडेकरूला वाटते, पैसे सुरक्षित राहिले आणि राहणे फुकट झाले. दोघेही अल्हमदुलिल्लाह म्हणून उठतात.

थोडे थांबून या व्यवहाराचे नाव विचारू. भाडेकरूने दिलेली रक्कम काय आहे? ती अमानत असती तर मालकाला तिला हात लावता आला नसता. तिजोरीत जशी ठेवली तशीच ती परत करावी लागली असती. पण तिचे तर सिमेंट झाले. जी रक्कम खर्च करून तितकीच परत करायची असते, तिला कर्ज म्हणतात. म्हणजे भाडेकरू हा कर्ज देणारा झाला आणि मालक कर्जदार. आणि या कर्जाच्या बदल्यात भाडेकरूला दरमहा ३,००० रुपयांचे राहणे मिळते आहे. वर्षाला ३६,००० रुपये. मुद्दल पूर्ण सुरक्षित आणि त्यावर लाभ. जोखीम शून्य. आमच्या हनफी आणि शाफई अशा दोन्ही मस्लकांच्या ग्रंथांत कर्जाला जोडून ठरवलेल्या लाभाला व्याजच म्हटले आहे. मग तो लाभ नोटांत मिळो, धान्यात मिळो की छपरात.

हजरत अब्दुल्लाह बिन सलाम (रजि.) यांची एक ताकीद सहीह बुखारीत आहे. मदीनेत आलेल्या अबू बुरदा यांना त्यांनी सांगितले की, तुमच्या प्रदेशात व्याजाचा फैलाव झाला आहे. तेव्हा ज्याच्याकडे तुमचे येणे आहे, त्याने भेट म्हणून गवताचा, जवाचा किंवा चाऱ्याचा भारा दिला तरी तो घेऊ नका, कारण तेही व्याज आहे. विचार करा. सहाबींना चाऱ्याच्या भाऱ्यात व्याजाचा वास आला. आपल्याला आख्ख्या खोलीत तो येत नाही!

ठाणे जिल्ह्याच्या माणसाला हे समजायला कठीण जाऊ नये. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी कब्जेगहाण नावाचा प्रकार होता. अडलेला शेतकरी सावकाराकडून रक्कम घेई आणि बदल्यात शेत त्याच्या ताब्यात देई. मुद्दल फिटेपर्यंत शेत सावकार कसे आणि भातही तोच खाई. व्याजाचा आकडा कागदावर कुठेच नसे, तरी गावातल्या लहान पोरालाही कळे की सावकार भाताच्या रूपाने व्याज खातो आहे. त्या शेताच्या जागी खोली ठेवा आणि भाताच्या जागी राहणे ठेवा. हेवी डिपॉझिट म्हणजे तेच कब्जेगहाण. फरक इतकाच की सावकार दिसायला सावकार होता. इथे कर्ज देणारा एक साधा रिक्षावाला किंवा कारखान्यातला कामगार आहे, म्हणून आपल्याला ओळख पटत नाही.

यावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, दोघेही राजीखुशीने करतात, मग कोणाचे काय बिघडते? परस्परांची संमती व्यवहाराची अट आहे, हे खरे. पण जे अल्लाहने हराम केले ते दोन माणसांच्या संमतीने हलाल होत नाही. सहीह मुस्लिममध्ये हजरत जाबिर (रजि.) यांच्या निवेदनानुसार प्रेषितांनी (स.) व्याज खाणारा, देणारा, लिहिणारा आणि त्याचे दोन साक्षीदार या सर्वांचा धिक्कार केला आणि सगळ्यांना सारखेच ठरवले. म्हणजे खोलीत राहणारा भाडेकरू, खोली देणारा मालक आणि मध्ये कमिशन घेणारा दलाल, तिघांनीही सावध व्हायला हवे.

दुसरा आक्षेप असा की, आम्ही अगदीच फुकट देत नाही, महिना ३०० रुपये भाडे लावतो. बंधूंनो, ३,००० चे ३०० कशामुळे झाले? डिपॉझिटमुळेच ना? मग उरलेले २,७०० रुपये हा कर्जाचाच लाभ ठरला. कागदावर भाडे हा शब्द लिहिल्याने हिशेब बदलत नाही.

तिसरा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो गरिबाचा आहे. भाडेकरू म्हणतो, 'दरमहा भाडे भरत राहिलो तर माझ्या हाती शेवटी काहीच राहणार नाही. हे ३ लाख माझ्या मुलीच्या लग्नाचे आहेत.' त्याची चिंता खोटी नाही. पण मुलीच्या लग्नाचा पैसा खरोखर सुरक्षित आहे का, हे त्याने खोली सोडण्याच्या दिवशी पाहावे. मालकाच्या हाती पैसे नसतात. ते भिंतीत असतात. मग मालक म्हणतो, दुसरा भाडेकरू येऊ दे, त्याचे डिपॉझिट आले की तुमचे देतो. दुसरा चार महिने येत नाही. आलाच तर कमी रक्कम देऊ पाहतो. ठरलेले लग्न पुढे ढकलले जाते, दोन कुटुंबांचा सलाम-दुआ बंद होतो, आणि एके काळी राजीखुशीने केलेला व्यवहार पोलीस ठाण्याच्या पायरीपर्यंत पोहोचतो. एका भाडेकरूचे देणे दुसऱ्याच्या कर्जाने फेडायचे आणि दुसऱ्याचे तिसऱ्याच्या, अशी ही साखळी आहे. ज्या मालकाला आपण तीन खोल्यांचा धनी समजतो, तो प्रत्यक्षात तीन कर्जांचा कर्जदार असतो.

आणि कर्ज म्हणजे काय, हे प्रेषितांच्या (स.) मशिदीत विचारा. एक जनाजा आणला गेला. मृतावर तीन दीनार कर्ज होते आणि ते फेडण्यासाठी त्याने मागे काही ठेवले नव्हते. प्रेषितांनी (स.) साथीदारांना सांगितले की, तुम्ही त्याची नमाज अदा करा. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःच्या शिरावर घेतले, तेव्हाच प्रेषितांनी (स.) नमाज पढवली. हे सहीह बुखारीत आहे. तीन दीनारांसाठी हे, तर तीन-तीन लाखांच्या तीन डिपॉझिटचे काय? मालकाचे निधन झाल्यावर मुले खोल्या वाटून घेतात. पण सूरह अन्-निसामध्ये वारसांचे हिस्से सांगताना अल्लाहने वसीयत आणि कर्ज यांच्या पूर्ततेनंतरच वाटणीची अट घातली आहे. भाडेकरूचे डिपॉझिट हे मृताचे कर्ज आहे. ते आधी वेगळे काढा. जे उरेल त्यात बहिणींचाही हिस्सा आहे, खोल्यांत आणि त्या दिवसापासून येणाऱ्या भाड्यातही. मोठा भाऊ दर महिन्याला भाडे गोळा करतो आणि बहिणीला ईदेला साडी नेऊन देतो, याने तिचा हक्क अदा होत नाही.

मग मार्ग कोणता? जे आधीच या व्यवहारात आहेत त्यांनी निराश होऊ नये. सूरह अल्-बकरामध्ये अल्लाहने व्याज सोडणाऱ्याला आश्वासन दिले आहे की तुमची मुद्दल तुमची आहे. तुम्ही कोणावर अन्याय करू नये आणि तुमच्यावरही होऊ नये. यावरून सुटकेची वाट काढता येते. मालक आणि भाडेकरू यांनी एकत्र बसावे. आजूबाजूच्या तशाच खोलीचे रास्त भाडे काय आहे ते पाहावे आणि नवा करार करावा. मालकाकडे रोख नसेल, तर दर महिन्याचे भाडे डिपॉझिटमधून वजा होत जावे. वरच्या उदाहरणात दरमहा ३,००० रुपये वजा झाले, तर वर्षाअखेर मालकाचे देणे २ लाख ६४ हजारांवर येईल आणि १०० महिन्यांत ते फिटेल. मधेच खोली सोडली, तर त्या दिवशी वहीत शिल्लक असलेली रक्कम परत करायची. भाडेकरूला हे जड जाईल, कारण फुकट वाटणाऱ्या राहण्याची किंमत आता त्याला दिसेल. पण किंमत आधीही होती. ती मालकाच्या शिरावर कर्जाच्या रूपाने होती.

नव्याने खोली देणाऱ्याने रास्त भाडे ठरवावे. नुकसान किंवा थकबाकीच्या हमीसाठी एक-दोन महिन्यांची माफक अनामत घ्यावी. मात्र तिच्या बदल्यात भाड्यात सूट देऊ नये. एकरकमी पैसा हवाच असेल तर वर्षाचे किंवा दोन वर्षांचे भाडे आगाऊ घेता येते. ते भाडे आहे, कर्ज नव्हे. तितक्या मुदतीचे राहणे देऊन ते संपते. मुदतीआधी भाडेकरू गेला तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करणे मालकाची जबाबदारी.

बांधकामासाठी भांडवल नसेल तर भागीदारीचा रस्ता खुला आहे. समजा, खोल्या बांधायला ९ लाख लागतात. तुमचे ३, भावाचे ३ आणि मेहुण्याचे ३. तिघे समान मालक. भाडे तीन भागांत, दुरुस्तीही तीन भागांत, रिकाम्या महिन्यांचा तोटाही तीन भागांत. पुढे हाती पैसा आला की त्या वेळच्या किमतीने भावाचा हिस्सा थोडाथोडा विकत घ्या. इथे प्रत्येक जण भार वाहतो, म्हणून प्रत्येकाचा लाभ हलाल आहे. हाच पैसा 'तुझे ३ लाख तुला परत देईन आणि वर दरमहा २,००० देत राहीन' अशा बोलीने घेतला, तर भाऊ भागीदार राहत नाही, सावकार होतो. नात्यातून कर्जे-हसना मिळाले तर उत्तम. काहीच जमले नाही, तर चारऐवजी एकच खोली बांधा. बँकेच्या व्याजी हप्त्यावर चार खोल्या बांधणाऱ्याने हिशेब करून पाहावा. समजा, हप्ता १२,००० चा आहे आणि दोन खोल्या रिकाम्या राहिल्या. तर ६,००० च्या भाड्यातून हप्ता कसा भरणार? व्याज हराम आहे हे एक. आणि रिकाम्या खोलीची दया व्याजाला येत नाही, हे दुसरे.

जे ठरेल ते लिहून ठेवा. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल्-बकराची २८२ वी, उधारीच्या लिखापढीविषयीच आहे. तिच्यात मजकूर सांगण्याची जबाबदारी कर्जदारावर टाकली आहे. डिपॉझिटच्या बाबतीत कर्जदार मालक असतो, म्हणून कागद करण्यासाठी भाडेकरूने त्याच्या मागे फिरावे लागू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नेही करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावरच ठेवली आहे. रक्कम रोख घेऊन कागदावर कमी लिहिणे हा देशाच्या कायद्याचाही भंग आहे आणि खोटी साक्षही.

ज्या जमिनीवर खोल्या बांधायच्या तिचा सातबाराही नीट पाहा. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ नुसार आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही. कातकरी किंवा ठाकूर बांधवाच्या नावावर जमीन ठेवून, स्टॅम्प पेपरवर अंगठा घेऊन त्यावर चाळ उभारणे ही हुशारी नव्हे. वीतभर जमीन अन्यायाने बळकावणाऱ्याच्या गळ्यात कयामतच्या दिवशी सात जमिनींचा फास पडेल, अशी ताकीद बुखारी व मुस्लिम दोघांनीही नोंदवली आहे. अशा जमिनीवरच्या खोलीचे भाडे कितीही रास्त असो, त्याचा पायाच उखडलेला आहे.

शेवटी, भार वाहणे म्हणजे केवळ पैशाचा भार नव्हे. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, मुंबई त्यांचे पाणी पिते, आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. तेव्हा खोली देताना पाणी किती मिळेल आणि टँकरचा खर्च कोणाचा, हे आधीच स्पष्ट सांगा. एप्रिलमध्ये नळ कोरडा पडल्यावर नको. हिजरतनंतर प्रेषित (स.) हजरत अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी खालच्या मजल्यावर राहिले होते. वर पाण्याचे भांडे फुटले, तेव्हा खाली थेंब पडू नये म्हणून त्या पती-पत्नींनी आपल्याजवळची एकुलती एक रजई घालून पाणी टिपले. छताखाली राहणाऱ्याची काळजी ती अशी असते. आणि आपण? ताडपत्रीसाठी श्रावण संपेपर्यंत 'उद्या बघू' म्हणत राहतो. दुरुस्ती न करता भाडे घेणे म्हणजे जोखीम टाकून लाभ उचलणेच झाले.

कारखान्यात कामावरून कमी केलेल्या भाडेकरूचे भाडे थकले, तर सूरह अल्-बकराची २८० वी आयत आठवा. तंगीत असलेल्या देणेकऱ्याला ऐपत येईपर्यंत मुदत द्यावी आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले, असा तिचा आदेश आहे. तो बिहारचा आहे की जव्हारचा, मुस्लिम आहे की नाही, याने हा आदेश बदलत नाही. धर्म विचारून घर नाकारले जाण्याचे दुःख आपल्या मुलांनी ठाण्या-मुंबईत भोगले आहे. ते दुःख आपल्या ओटीवरून दुसऱ्याच्या वाट्याला जाऊ नये. भाडे थकले म्हणून भरपावसात कोणाची भांडी रस्त्यावर टाकू नका.

जकातविषयी एवढेच सांगतो की, भाड्याने दिलेल्या खोलीच्या किमतीवर जकात नाही. भाड्याची साठलेली रक्कम निसाबला पोहोचून तिच्यावर वर्ष गेले की अडीच टक्के आहे. डिपॉझिटचे देणे जकातच्या हिशेबातून वजा होते की नाही, यात हनफी आणि शाफई मस्लकांत फरक आहे. कोकणी घरांतून बहुतेक शाफई मस्लक पाळले जाते, तेव्हा आपल्या मस्लकाच्या आलिमांना विचारूनच हिशेब करावा.

वाचक बंधू-भगिनींनो, हा अंक बाजूला ठेवण्याआधी कपाटातली कराराची फाइल काढा. प्रत्येक खोलीपुढे तीन गोष्टी लिहा: किती रक्कम कोणाची आहे, त्या रकमेमुळे भाडे किती कमी केले आहे, आणि आज रात्री मृत्यू आला तर ती रक्कम कोण परत करणार. ही यादी पत्नीला दाखवा, मुलांना दाखवा, आणि भाडेकरूला येत्या रविवारी चहाला बोलवा. हलाल भाड्याचा घासही त्याच खोलीतून येतो आणि हराम व्याजाचाही. दोन्हींमधली भिंत आपल्यालाच बांधायची आहे.

अल्लाह तआला आपल्या कमाईत बरकत देवो, आपल्या छपराखाली राहणाऱ्यांना आपल्या हातून त्रास होऊ न देवो आणि कोणाचेही देणे शिरावर न ठेवता आपल्याला या जगातून नेवो. आमीन.